शंभर टक्क्यांच्या बाहेरचे सात

मजीदभाईंवर मी आयुष्यात एकदाच भडकले, पण अशी भडकले की शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून ओरडले आणि नववीचा सगळा वर्ग खिडकीला येऊन चिकटला. तसं भडकणं मला नवीन नाही. पोरं पाठीमागं मला ‘मिरचीबाई’ म्हणायची. मला ते माहीत होतं, आणि खरं सांगू का, थोडं आवडायचंही. गणिताच्या बाईचा धाक नको का पोरांना?

मजीदभाई आमच्या प्रशालेतले कारकून. प्रशाला म्हणजे जिल्हा परिषदेचं हायस्कूल. गावाचं नाव मी सांगत नाही. करमाडच्या आसपासचं आहे एवढं पुरे, नाहीतर उद्या कुणीतरी भांडायला दारात येईल. मी द्वारकाबाई, माहेर चितेगावचं, राहायला शहरात. तेव्हा त्याला औरंगाबाद म्हणायचे, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात. रोज सकाळी एसटीनं जायचं आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायचं, असं माझं बावीस वर्षं चाललं.

मजीदभाई मूळचे खुलताबादचे. शाळा शिकले ती उर्दूतून, निजामाच्या काळात. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. पुढं शाळांमधून मराठी आली, आणि हे साहेब सतरा-अठरा वर्षांचे दाढी फुटलेले, शाळेत शिपाई म्हणून लागले. घंटा द्यायची, पाणी भरायचं आणि उरलेल्या वेळात चौथीच्या वर्गाच्या उंबऱ्यावर बसून चिल्ल्यापिल्ल्यांबरोबर बाराखडी घोकायची. पोरं हसायची. हेही हसायचे. असं करत करत मराठी शिकले, खात्याची परीक्षा दिली आणि कारकून झाले. अक्षर कसं म्हणाल, तर तहसीलमधली माणसं आमचा कागद आला की दुसऱ्याला दाखवायची. पोरं त्यांना मामू म्हणायची, आणि त्यांच्या टेबलावरच्या डब्यातली बडीशेप न विचारता घ्यायची.

लोकांना वाटतं अशा माणसाच्या मनात स्वतःचं शिक्षण राहिल्याचं शल्य असणार. मलाही वाटायचं. एकदा विचारलं. तर म्हणाले, “अजी बाई, कसलं दुःख अन् कसलं काय! गणित मला कधी जमलंच नाही. पोलीस ॲक्शन झाली, शाळा बंद पडली, मी म्हटलं, चलो, सुटलो!” आणि स्वतःच खो खो हसले.

आता निकालाचं सांगते. मी या शाळेत एक्क्याऐंशी साली आले, त्याच वर्षी मुख्याध्यापक म्हणून काकासाहेब आले. त्या वर्षी दहावीचा निकाल बावन्न टक्के लागला. पंचायतीत लोक तोंडावर म्हणाले, मास्तर लोक फुकटचा पगार खातात. काकासाहेबांना ते लागलं, आणि मला त्यांच्याहून जास्त लागलं. पुढच्या वर्षीपासून आमचा निकाल शंभर टक्के. सलग सहा वर्षं! पेपरात नाव, झेडपीत सत्कार, एसटीत कंडक्टर मला जागा करून द्यायचा.

कसा लागायचा हा शंभर टक्के? शिकवून लागायचा, हे खरं आहे. मी घसा फोडून शिकवायचे. पण नुसत्या शिकवण्यानं शंभर होत नाहीत, हे कुठल्याही मास्तरला विचारा. ऑगस्टात मी दहावीची एक परीक्षा घ्यायची. जी पोरं तिच्यात अगदीच कच्ची निघायची त्यांची यादी करायची. त्यांच्या आई-बापांना बोलवायचं, आणि सांगायचं, पोराला शाळेतनं काढा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. सतरा नंबर म्हणजे बाहेरून परीक्षेला बसणं. असा मुलगा नापास झाला तरी तो शाळेच्या निकालात धरत नाहीत. बापाचा अर्ज मजीदभाई लिहायचे, त्या मोत्यासारख्या अक्षरात, आणि बाप अंगठा लावायचा. मग मजीदभाई टीसी लिहायचे, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. त्यात एक रकाना असतो, शाळा सोडण्याचे कारण. तिथं ते लिहायचे, ‘पालकांच्या इच्छेने’. काकासाहेब सही करायचे, शिक्का पडायचा, आणि यादी संपायची.

आजूबाजूच्या कितीतरी शाळा असंच करायच्या. आम्ही काही जगावेगळं पाप करत नव्हतो, असं मी स्वतःला सांगायचे.

सत्त्याऐंशी सालच्या ऑगस्टात मी सात नावांची यादी केली. दहावीत एकेचाळीस पोरं होती. सात गेली की चौतीस राहायची, आणि ती चौतीसची चौतीस पास होणार हे मी लिहून द्यायला तयार होते. त्या वर्षी काकासाहेबांना निकाल नेहमीपेक्षा जास्त हवा होता. त्यांनी अकरावीचा वर्ग मागितला होता. गावात अकरावी नसल्यामुळं दहावी झालेल्या पोरींना घरी बसवायचे, शहरात कोण पाठवतो? झेडपीतल्या शिक्षणाधिकारी साहेबांनी तोंडी सांगितलं होतं, आणखी एक वर्ष शंभर टक्के दाखवा, मग बघू. तेव्हा काकासाहेब काही राक्षस नव्हते. त्यांना पोरींसाठीच पाहिजे होतं.

यादी घेऊन मी ऑफिसात गेले. मजीदभाईंनी चष्मा लावून नावं वाचली, दोनदा वाचली. मग टेबलाच्या खणातून पटसंख्येचा तक्ता काढला. दरवर्षी सरकारला द्यावा लागतो तो. कोणत्या वर्गात मुलं किती, मुली किती, कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, असे रकाने असतात. तो तक्ता त्यांनी माझ्यापुढं सरकवला.

“बाई, आठवीत आपल्याकडं सत्तावीस मुली येतात. दहावीच्या परीक्षेला नऊ बसतात. कधी आठ.”

“मग? पोरी लग्न करून जातात. त्यात मी काय करू?”

“लग्नानं जातात त्या जातात. बाकीच्या आपल्या यादीनं जातात. ही बघा. सातात पाच मुली. सातातली सहा पोरं वाडी-तांड्यावरून पायी येणारी. दोन तांड्यावरची, दोन धनगरवाडीची, एक आमच्या गल्लीतली, दोन शेतवस्तीवरच्या सालदारांची. गावातल्या माडीवरचं एक नाव नाही.”

माझं डोकं सणकलं. “मजीदभाई, मी जात बघत नाही हं! मी मार्क बघते!”

“तुम्ही नाही बघत, मला माहीत आहे,” ते अगदी शांतपणे म्हणाले. “मला बघावी लागते. सरकारला रकाने भरून द्यायचे असतात ना.”

मी तरातरा निघून आले. मनात म्हटलं, आला मोठा शहाणा! सहा वर्षं स्वतःच अर्ज लिहिले, तेव्हा हा तक्ता कुठं होता?

हे मी दुसऱ्या दिवशी तोंडावर विचारलंही. विचारल्याशिवाय मला झोप आली नसती. तेव्हा त्यांनी शकीलाचं सांगितलं. शकीला म्हणजे सरदार पिंजाऱ्याची मुलगी, गाद्या भरणाऱ्या सरदारची. चार वर्षांपूर्वी माझ्याच यादीतनं गेलेली. तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला, पण परीक्षेचं केंद्र पडलं शहरात. दहा दिवस पोरीला रोज शहरात कोण नेणार? बसलीच नाही परीक्षेला. जुलैमध्ये ती टीसीची नक्कल मागायला आली होती, अंगणवाडीत मदतनीसाची जागा निघाली म्हणून. नक्कल हातात घेऊन तिथंच उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाली, “मामू, हे काय लिहिलंय? माझ्या अब्बांची इच्छा नव्हती. त्या दिवशी ते जेवले नाहीत.”

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“काय म्हणणार? अक्षर माझंच होतं.” एवढं बोलून ते टाइपरायटरची रिबन बदलायला लागले. जरा वेळानं म्हणाले, “तिच्यानंतर मी बसून काढलं, बाई. सहा वर्षांत एकोणतीस पोरं सतरा नंबरवर घातली आपण. परीक्षेला बसली चार. चारही मुलगे. मुलगी एकही नाही.”

मला हे ऐकायचं नव्हतं. कुणालाच नसतं. मी म्हटलं, “अकरावी आली की पन्नास पोरी शिकतील. तो हिशेब करा.” आणि तास घ्यायला गेले. पण त्या तासाला फळ्यावर मी बेरीज चुकले आणि एका पोरानं ती दाखवली. दाखवल्याबद्दल मी त्याच्यावरच खेकसले.

शनिवारी पालकांना बोलावलं. अर्ज मजीदभाईंनी लिहिले, या वर्षीही लिहिले, ‘नाही’ म्हणाले नाहीत. मला वाटलं, चला, डोक्यातलं वारं गेलं. पालक एकेक करून येत होते आणि मी समजावत होते. पुंजाराम आला तो शेवटी. धनगरवाडीचा, मेंढ्या वळणारा. तीन मैल चालून आलेला. खांद्यावरची घोंगडी त्यानं दाराबाहेर काढून ठेवली. त्याची मुलगी चतुरा. वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. अपूर्णांक दिसला की डोळे मिटून घ्यायची, पण कधी गैरहजर राहिली नाही.

“बाई, सतरा नंबर म्हंजी शाळा चालूच ऱ्हाईल ना पोरीची?” पुंजारामनं विचारलं.

मी म्हटलं, “हो, हो.”

“आन् परीक्षा हितंच?”

“बघू ना. होईल सोय.”

“तुमी म्हंता म्हंजी बरूबरच आसंल. तुमी तिच्या बाई हायेत.” असं म्हणून त्यानं अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि मग अर्जावर. पुसायला कागद दिला तर घेतला नाही, धोतराला पुसला. मला म्हणाला, “पोरगी तुमचं लई नाव घेती घरी. म्हंती, बाई तापट हायेत, पर एकदाच्या जागी चारदा सांगत्यात.”

मी त्याच्याशी खोटं बोलले होते. परीक्षा इथं होणार नव्हती, आणि शाळाही चालू राहणार नव्हती. हे मला कळत होतं आणि तरी मी ‘हो, हो’ म्हणाले. 

सोमवारी मजीदभाईंनी सातही टीसी लिहून काकासाहेबांपुढं ठेवल्या. काकासाहेबांची एक खोड होती. कागद वाचायचा तो झेडपीतनं आलेला. आपल्या ऑफिसातला कागद मजीदभाईंनी लिहिलाय म्हटल्यावर वाचायचा कशाला? चहा पीत, कुणाशी तरी फोनवर बोलत, भराभर सह्या ठोकल्या. शिपायानं शिक्के मारले. मग मजीदभाई त्या माझ्याकडं घेऊन आले, पालकांना वाटायला.

व्हरांड्यात उभी राहून मी पहिली टीसी चाळली. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. वर्तणूक चांगली. शाळा सोडण्याचे कारण... आणि तिथं त्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून’.

दुसरी बघितली. तेच. तिसरी. तेच. सातही टीसींवर तेच, खाली मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का!

मी ओरडले. काय काय ओरडले ते आता आठवत नाही. तुमचं डोकं ठिकाणावर आहे का, म्हटलं. आमची अब्रू वेशीवर टांगायची आहे का, म्हटलं. सहा वर्षांची मेहनत मातीत घालता काय, म्हटलं. मजीदभाई हात मागं बांधून उभे होते. नववीची पोरं खिडकीतून बघत होती. तेवढ्यात काकासाहेब बाहेर आले. मी कागद त्यांच्या हातात कोंबले. त्यांनी वाचले, आणि बाई गं, माणसाचं तोंड असं पांढरं पडताना मी पाहिलं नव्हतं.

ऑफिसात दार लावून तिघं बसलो. काकासाहेबांनी कागद टेबलावर आपटले. “मजीदभाई, हे काय केलंत?”

“साहेब, त्या रकान्यात कारण लिहायचं असतं. लिहिलं.”

“फाडा! आत्ताच्या आत्ता फाडा!”

“फाडता येणार नाही, साहेब. टीसीच्या पुस्तकाला नंबर असतात. स्थळप्रत मागं राहते. रद्द करता येतील. पण रद्द का केल्या तेही लिहावं लागेल. काय लिहू?”

“लिहा, चुकून कारण चुकीचं लिहिलं!”

“साहेब, चुकीचं नाही ना ते.” हे ते उद्धटपणे बोलले नाहीत. विचारल्यासारखं बोलले. काकासाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. सतरा नंबरचे फॉर्म भरायला दोनच दिवस उरले होते, आणि मूळ टीसीशिवाय फॉर्म घेत नाहीत.

“ठीक आहे,” काकासाहेब म्हणाले. “रद्द मी करतो, माझ्या हातानं. नवीन टीसी बाई लिहितील. बाई, घ्या पुस्तक. तुम्हाला तर शुद्धलेखन येतं ना?”

मजीदभाईंनी पुस्तक माझ्यापुढं ठेवलं, पेन ठेवलं आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी आणखी एकदा चिडले असते आणि त्या रागात भराभर सातही लिहून मोकळी झाले असते.

मी लिहायला लागले. अनुक्रमांक. नाव, चतुरा पुंजाराम. जन्मस्थळ. जन्मतारीख. इयत्ता. अभ्यासातली प्रगती. एकेक रकाना भरत खाली आले. कारणाच्या रकान्यापाशी आले तर मला पुंजारामचा अंगठा दिसायला लागला. त्याची इच्छा कुठं होती? त्याची इच्छा होती की पोरगी शाळेत राहावी, परीक्षा इथंच व्हावी. मी ‘हो, हो’ म्हटलं म्हणून त्यानं अंगठा दिला. आता मी लिहायचं ‘पालकांच्या इच्छेने’? मजीदभाईंचं सहा वर्षांचं लिहिणं मला तेव्हा कळलं. मी नुसती यादी द्यायचे, नावं तोडून टाकायचे, पण हे खोटं हातानं लिहायचं काम या माणसाच्या वाट्याला यायचं.

मी पेन खाली ठेवलं.

“मोठे सर, मला नाही जमायचं.”

“काय नाही जमायचं?”

“हे लिहायला. राहू द्या पोरं.”

“राहू द्या? आणि अकरावी? अकरावी गेली म्हणजे, बाई? पन्नास पोरींचं नुकसान सात पोरांपायी?”

  मी एवढंच म्हटलं, “त्या पन्नास जणी अजून कुठं आहेत, सर? या सात आहेत. बाकावर बसल्यात.”

काकासाहेबांनी पुस्तक स्वतःकडं ओढलं. मग तडकून म्हणाले, “मग शिकवा त्यांना! निकाल पडला तर तो तुमच्या नावावर पडेल, माझ्या नाही.”

“शिकवते,” मी म्हटलं.

सातही टीसींवर ‘रद्द’ असं काकासाहेबांनी स्वतः लिहिलं. कारण लिहिलं नाही. मजीदभाईंनी त्यांना ते लिहायला लावलंही नाही.

आता फुशारकीनं सांगण्यासारखं पुढं काही नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पहिली एसटी धरायला लागले. सकाळी सातला त्या सात जणांचा वर्ग घ्यायचा. मजीदभाई त्याआधी येऊन खोली उघडून, झाडून ठेवायचे, आणि मग स्वतःच शेवटच्या बाकावर बसायचे. मी म्हटलं, तुम्ही कशाला? म्हणाले, “बसू द्या बाई, चाळीस वर्षांचं राहिलंय.” आणि काय सांगू, त्यांना खरंच गणित येत नव्हतं! मी विचारायचे, पाव आणि अर्धा मिळून किती? मामू छातीठोक सांगायचे, एक! पोरं हसून लोळायची. चतुरासुद्धा हसायची, आणि हसता हसता उत्तर सांगून टाकायची. मी मामूंवर ओरडायचे, त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर कान पिळला असता. पण त्यामुळं पोरांची भीती गेली हे मला मान्य केलं पाहिजे. आपल्यापेक्षा कच्चा कुणीतरी मागं बसलाय, आणि तो काही मरत नाही, हे त्यांनी पाहिलं.

माझं मात्र डोकं रोज तापायचं. यातल्या तिघांना भागाकारसुद्धा धड येत नव्हता. दहावीत! मी पाचवीच्या मास्तरांना शिव्या द्यायचे, सहावीच्या द्यायचे. मग लक्षात यायचं की आठवीपासून ही पोरं माझ्याकडं होती. मी त्यांना बघितलंच नव्हतं. जी पोरं ऑगस्टात जाणारच, त्यांच्याकडं कोण बघतो?

मार्चमध्ये परीक्षा झाली. एकेचाळीसच्या एकेचाळीस बसली.

निकालाच्या आधीच मजीदभाईंच्या बदलीचा हुकूम आला. कन्नडच्या पलीकडं, डोंगरातल्या एका शाळेत. निवृत्तीला एकच वर्ष राहिलेलं. काकासाहेबांनी वर जाऊन काही सांगितलं की रद्द झालेल्या टीसींची गोष्ट आपोआप पोचली, ते मला माहीत नाही, आणि मी कुणावर आळ घेत नाही. मी मजीदभाईंना म्हटलं, चला, झेडपीत जाऊन भांडू या, मी बोलते, माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. ते म्हणाले, “नक्को बाई. तिकडंही टीसीचं पुस्तक असेलच की.” मला रडू आलं. त्यांच्यासमोरच रडले, लाज वाटली नाही.

फक्त एवढंच मागून घेतलं त्यांनी, की निकाल वाटून जातो.

निकाल आला. एकेचाळीसपैकी अडतीस. सातातले चार जण पास झाले, ते माझ्या स्वप्नातही नव्हतं. तीन नापास. टक्के ब्याण्णव. अकरावी त्या वर्षी मिळाली नाही. ती पुढं नऊ वर्षांनी आली, आणि त्या नऊ वर्षांत घरी बसलेल्या पोरी मी मोजल्या नाहीत, कारण मोजायची हिंमत झाली नाही.

नापास झालेल्या तिघांत चतुरा होती. सगळ्या विषयांत पास, गणितात चार मार्क कमी.

गुणपत्रिका घ्यायला ती बापाबरोबर आली. मजीदभाईंनी पहिल्या नंबराच्या पोराला दिली तशीच दोन्ही हातांनी तिला दिली. पुंजारामनं कागद उलटासुलटा बघितला आणि विचारलं, “नापास म्हंजी नाव काढलं का सायब?”

“नाही दादा. नापास म्हणजे नाव आहे. ऑक्टोबरात परत बसायचं, हितंच.”

मी बाजूच्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते. पोरगी आता रडणार, आणि मग मी काय बोलू, एवढंच डोक्यात होतं. चांगलं शिकवलं नाही म्हणून माफी मागू, का पाठीवर हात ठेवू? चतुरा माझ्याजवळ आली. डोळे कोरडे होते. गुणपत्रिका माझ्यापुढं धरली आणि गणिताच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, “बाई, माझे चार मार्क कुठं गेले वो?”

 सहा वर्षांत मला हा प्रश्न एकाही पोरानं विचारला नव्हता. विचारणार कोण? ज्यांनी विचारावा त्यांना मी परीक्षेपर्यंत पोचूच दिलं नव्हतं.

“वो बाई?” तिनं परत विचारलं.

“मलाही माहीत नाही गं,” मी म्हटलं. “बस. शोधू दोघी मिळून.”